मागच्या चाकातली हवा

११ जानेवारी

वन्सं,

त्या सकाळी मी दोरीवर चादर टाकत होते आणि तुम्ही पायरीवर बसून सायकलच्या मागच्या मडगार्डला पांढरा रंग लावत होतात. पंपघरात उरलेला रंग डब्यातून आणला होता तुम्ही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला अंधारात दिसलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं. माझं पाणी भरून झालं होतं, केर काढून झाला होता, शेगडीवर दूध होतं आणि ते उतू जाणार हे मला ठाऊक असूनही मी बाहेरच रेंगाळत होते. चादर टाकून झाल्यावर यांनी हाक मारली, तेव्हा नेहमीसारखा पंपाच्या पायावर माझा पाय ठेवला. तो पंप घसरायचा. माझ्या वजनाचा घरात एवढा एक तरी उपयोग आहे, असं हे रोज म्हणायचे आणि मी रोज रागवायचे.

हे हवा भरत राहिले. टिचकी मारली की टायर टण्ण वाजलं पाहिजे, त्याशिवाय यांचं समाधान नाही.

"बस कर रे बारक्या, फुटेल," तुम्ही म्हणालात.

"फुटलं तर तुझ्या रंगासकट फुटेल, ताई."

"रंगाला हात लावू नको हं. ओला आहे."

तुम्ही म्हणायचा अवकाश, यांनी अंगठा टेकवलाच. तुम्ही ब्रश उगारलात, हे वाकले आणि पांढरा पट्टा कानावर उमटला. तशा पांढऱ्या कानानं हे दिवसभर लोकांचे विजेचे मीटर वाचत फिरले. मला म्हणालात, "नवरी, बघ गं तुझा नवरा." आणि तोवर दूध गेलंच उतू.

लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तुम्ही मला नवरीच म्हणत होतात. आता कुणी म्हणत नाही.

हे आज आठवायचं कारण सांगते. तुमच्या पंपघराचा शिपाई जुनी बाडं बांधून घ्यायला आमच्या बाइंडिंगच्या दुकानात आला होता. मी खळ लावत होते. मालकांना म्हणाला, "आमच्या बाई फेब्रुवारीअखेर नोकरीतून सुटणार. क्वार्टर खाली करून लेकाकडे, समुद्रापलीकडे. कायमच्या." त्याला काय माहीत मी कोण. मी खळ लावलेला पुठ्ठा उलटा चिकटवला.

काही मागायला लिहीत नाही. आपण शेवटचं बोललो ते यांच्या तेराव्याची माणसं उठून गेल्यावर, अंगणात. तुमचा हात सायकलच्या सीटवर होता. "ही मला दे," म्हणालात. "माझ्या पहिल्या पगाराची आहे. तू काय लोणचं घालणार आहेस तिचं?" मी नाही म्हटलं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नाही. तुम्ही चप्पल घातलीत आणि फाटकातून म्हणालात, "मग गंजवू नको. चालव. चालवत माझ्या दारात ये, त्या दिवशी बोलेन तुझ्याशी." तो टोमणा होता, मला कळतं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघूनच तो मारला होता.

काल मी सायकल बाहेर काढली. गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत मागचं चाक बसलं. चालवता येते मला. हे नव्या नवलाईत शिकवायचे तेव्हा धरायला मागे तुम्हीच धावायचात. पण तेव्हा मी निम्मी होते.

तुमची,
(काय लिहू? नवरी लिहायचं धाडस नाही.)


१९ जानेवारी

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की माझे हात ओले असले तरी मी दाराशी जाते.

सायकल ढकलत चौकातल्या दुकानात नेली. दुकानदार जाड चष्म्याचा, हळू बोलणारा माणूस आहे. ट्यूब पाण्यात धरली तर दोन भोकं, शेजारी शेजारी. म्हणाला, "ही काच नाही, खिळाही नाही. साप चावल्यासारखी दोन आहेत ना? खड्ड्यात टायर दबलं आणि रिमनं ट्यूब चावली."

"म्हणजे वजनानं."

"म्हणजे... हवा कमी असेल, ताई."

"हवा मी टण्ण वाजेपर्यंत भरली होती."

तो चष्मा पुसायला लागला. मग विचारलं, "कॅरियरवर सामान किती असतं?"

"सामान म्हणजे मीच."

तो हसला, मग हसू की नको असं त्याला झालं. मी म्हटलं, लाजू नका, डॉक्टरसुद्धा लाजत नाहीत. मग त्याचं तोंड उघडलं. टायर बोटभर रुंदीचं. त्यावर साठ किलोचा माणूस चालतो, तोही रस्ता बघून चालवणारा. मला रुंद टायर लागेल. रुंद टायरमध्ये हवेला जागा जास्त, ती वजन वाटून घेते, रिम खाली टेकत नाही. आतून जाड पट्टा असलेलं घ्या म्हणाला, काटा घुसला तरी पट्ट्यापाशी अडतो. असं टायर जड असतं, पण टिकतं.

भिंतीवर एक टायर टांगलं होतं, मोठमोठ्या गाठींचं, ट्रॅक्टरचं वाटावं असं. मी म्हटलं, हे द्या, हे मला पेलेल.

"रस्ता कुठला तुमचा?"

"कालव्याच्या कडेचा. पार टोकापर्यंत."

"तो सगळा डांबरी. या गाठी चिखलासाठी आहेत. डांबरावर त्या भुणभुण करतात आणि तुमची निम्मी ताकद खातात. तुम्हाला गुळगुळीत टायर बरं."

"गुळगुळीत म्हणजे झिजलेलं ना?"

"टक्कल पडणं वेगळं आणि हजामत करणं वेगळं, ताई," असं म्हणून त्यानं आपल्या डोक्यावरून हात फिरवला. त्याचं कुठलं होतं ते मी विचारलं नाही.

वजन किती, ते त्याला नेमकं हवं होतं. मी आमच्या दुकानात आले, सगळे जेवायला गेलेले पाहिले आणि रद्दीच्या काट्यावर उभी राहिले. आकडा चिठ्ठीवर लिहून त्याला नेऊन दिला. तुम्हाला सांगत नाही. तुम्ही अंदाज करालच आणि तो बरोबर असेल.

टायर मागवायला लागणार, म्हणाला. किती दिवस, ते त्याला सांगता येईना.

टोकापर्यंत जायचं आहे असं लिहून गेले आहे वरती. खोडत नाही. कालवा कुठं संपतो ते तुम्हाला माहीत आहे, तुमच्या पंपघराच्या फाटकाशी.

बस आहे, तेही मला माहीत आहे. बसनं आले तर तुम्ही दार उघडाल, चहा द्याल आणि बोलणार मात्र नाही. तुमचा स्वभाव मी तुमच्या भावाच्या आधी ओळखला होता.


२९ जानेवारी

वन्सं,

मी एक मूर्खपणा केला. लिहिते, म्हणजे तुम्ही तरी हसाल.

मी वाचायला कशी शिकले ते तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानात छापलेले मोठे कागद दुमडायचे, त्याला फर्मा म्हणतात, सोळा पानांचा. दुमडता दुमडता अक्षरं जुळायला लागली. पण माझ्या हाताखाली येणार एकच फर्मा, पुढचा दुसऱ्या बाईकडे. त्यामुळे मला कितीतरी पुस्तकांची सतरा ते बत्तीस एवढीच पानं माहीत. त्याआधी काय झालं आणि पुढं काय होणार ते मी आपलं मनानं जुळवायची. रात्री यांना सांगायची. हे म्हणायचे, "मी दिवसभर आकडे वाचतो, तू दिवसभर गोष्टी वाचतेस, आणि दोघांनाही शेवट माहीत नाही." पुढं मी अख्खी पुस्तकं वाचायला लागले. तरी ती खोड राहिली.

टायर येईना. महिना संपत आला. मी जुनं टायर पुसून त्याच्या कडेवरचा आकडा वाचला. अठ्ठावीस एवढं दिसलं, पुढचं झिजून गेलं होतं. पुढचं मी जुळवलं. आठवडी बाजारात गेले, छान रुंद, गुळगुळीत टायर दिसलं, कडेवर ठळक अठ्ठावीस. दोन घेतली आणि खांद्यात अडकवून घरी आले. वाटेत पोरं म्हणाली, मावशी सर्कशीत चालली.

रिमवर चढवलं तर सैल. बांगडीसारखं फिरतंय. हवा भरली तशी एका बाजूनं टुणकन बाहेर आलं.

चष्मेवाल्याकडे नेलं तर त्यानं कपाळाला हात लावला. सगळे अठ्ठावीस सारखे नसतात म्हणे. नुसतं अठ्ठावीस म्हणजे निम्मं नाव, कडेवर आणखी एक तीन आकडी संख्या असते, ती रिमचं खरं माप, आणि ती जुळल्याशिवाय बाकी काही जुळत नाही. "अर्धंच वाचलंत तुम्ही," म्हणाला. त्याला कळलं नाही तो काय बोलला ते.

घरी येऊन पायरीवर बसले. तुमच्या बाबतीतही माझं असंच झालं का, असं मनात आलं. फाटकातलं तेवढं एक वाक्य मी ऐकलं आणि पुढची दोन वर्षं मीच जुळवली. तुम्हाला राग असेल, तुम्ही मला पाण्यात पाहत असाल, तुम्ही माझं पत्र चुलीत घालत असाल. खरं काय ते मला माहीत नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय कळायचंही नाही.


८ फेब्रुवारी

वन्सं,

टायर आली. बरोबर मापाची. काळी, रुंद, गुळगुळीत, कडेला बारीक रेघा, पाणी निघून जायला. हातात घेतली तर माझ्यासारखीच, वजनदार आणि गरीब.

बसवताना एक झालं. फ्रेममध्ये जागा आहे, मडगार्डमध्ये नाही. टायर घासायला लागलं. चष्मेवाला म्हणाला, मडगार्ड काढावं लागेल, दोन्हीकडचं. मी मागच्याला हात लावू देईना. तो म्हणाला, "ताई, जुनंच आहे, कडा गंजल्यात." मी त्याला पांढऱ्या रंगातला अंगठा दाखवला. रेघान् रेघ आहे अजून. मधे एक आडवा वण आहे, मीटरच्या पेटीच्या झाकणात बोट चेंगरलं होतं त्याचा. त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि पाना माझ्या हातात दिला.

मी काढलं. कुठं ठेवलं ते आत्ता सांगत नाही.

तर सायकल तयार झाली. मी रोज सकाळी दुकानाच्या आधी मैदानाला फेऱ्या मारते. यांच्यासारखीच हवा भरते, टिचकी मारून टण्ण. पंपावर पाय ठेवायला कुणी नाही, म्हणून वीट ठेवते. पण मनगटं दुखतात. दात वाजतात. लहानसा खडासुद्धा टाळूपर्यंत जातो. रुंद टायर मऊ असतं म्हणाला होता. कदाचित मऊपणा माझ्या नशिबात नसेल.

कालव्यावरच्या पहिल्या झडपेपर्यंत गेले आणि परत आले. तिथून पुढं तिप्पट अंतर आहे. तुम्ही सामान बांधायला घेतलं असेल.


१४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड आलं.

आधी मी ते उलटसुलट करून पाहिलं, माझंच नाव आहे ना म्हणून. मग हात पुसले. मग वाचलं. वर संबोधन नाही, खाली सही नाही. इथं पुन्हा उतरवते, म्हणजे मी अर्धं वाचलेलं नाही हे तुम्हाला कळेल:

"टायर रुंद घेऊन हवा बारक्यासारखी कशाला भरतेस? तो काडी होता आणि त्याचं टायर दोरी. दाबाचं काम मी जन्मभर केलं. नळी जाड तितका दाब कमी लागतो. अंगठ्यानं दाबून बघ, किंचित आत गेलं पाहिजे. मागे पुढच्यापेक्षा जास्त ठेव, तुझं वजन मागे असतं. फार कमी केलंस तर रिम पुन्हा चावेल. वीट ठेवू नको, पंप तिरका होतो आणि व्हॉल्व्ह तुटतो."

एवढंच. ये असं नाही, येऊ नको असंही नाही. पण बारक्या असं लिहिलंय. तुमच्या अक्षरात.

वन्सं, आता सांगते, सायकल का दिली नाही ते. हँडलच्या मुठी यांच्या हातांनी झिजल्यात. डावी जास्त, कारण उजव्या हातात मीटरची वही असायची. त्यांवर हात ठेवला की माझी बोटं यांच्या बोटांच्या जागी बसतात. हे मला तेव्हा सांगता आलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? बहुतेक म्हणाला असतात, मग मला दुसरं काय देतेस. आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुकानात लोक यांना 'तुमचे मिस्टर' म्हणतात. शेजारीण 'गेलेले' म्हणते. त्या माणसाला बारक्या म्हणणारं जगात एकच माणूस आहे आणि ते महिनाअखेर समुद्रापलीकडे जाणार. मग मी कुणाशी बोलू? पांढऱ्या कानाची गोष्ट मी कुणाला सांगितली तर मला त्यात 'म्हणजे काय झालं, माझ्या नणंदेनं' इथपासून सुरुवात करावी लागते. तोवर ऐकणाऱ्याचा चहा संपतो.

हवा सोडली. अंगठ्यानं दाबून पाहिलं. मैदानाला एक फेरी मारली आणि मला वाटलं रस्ताच कुणी बदलून ठेवला. आवाज नाही, दणका नाही. गवतावरून चाललेय असं वाटलं. चष्मेवाला आपल्या दुकानाच्या दारात उभा होता, त्याला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "मी तेच सांगणार होतो, पण तुम्ही विचारलंच नाहीत."

येत्या रविवारी येते. तुमची पाळी सकाळची असते, मला माहीत आहे. शिपायाला विचारलं.


१९ मार्च

वन्सं,

तुमचा नवा पत्ता माझ्याकडून दोनदा चुकला, म्हणून हे पाकीट तिसरं. तो रविवार तुम्हाला माहीत आहे, पण फाटकाच्या आतलाच. बाहेरचा माझ्याकडे आहे.

उजाडता निघाले. तिसऱ्या झडपेपाशी कालव्याची भिंत खणली होती आणि सगळी खडी पसरली होती. तिथला मुकादम म्हणाला, "उतरून ढकला, मावशी." मी म्हटलं, "उतरायचं नाही असं ठरलंय." "कुणाचं ठरलंय?" "नणंदेचं." तो म्हणाला, "मग तर नाहीच उतरता यायचं," आणि माणसांना बाजूला व्हायला सांगितलं. टायर खडीत रुतलं, डगमगलं, पण चाललं. पुढं डांबर लागलं तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या आणि मी एकटीच मोठ्यानं हसत होते.

फाटकाशी पोचले, तर पंपाचा एवढा आवाज की घंटी वाजवून उपयोग नाही. उतरायचं नाही म्हणून फाटकाला धरून तशीच बसून राहिले. तुम्ही बाहेर आलात, हातात तेलाचं फडकं. केस पांढरे झालेत तुमचे. माझ्याकडे पाहिलंच नाहीत. खाली बसलात आणि मागच्या टायरवर अंगठा दाबलात.

"नवरी," म्हणालात, "मागे हवा कमी आहे."

पुढं माझं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. तुम्हीही काही कमी नव्हतात. "बोलेन म्हटलं होतं, आता काय बोलू?" असं तेच तेच म्हणत होतात आणि फडक्यानं डोळे पुसत होतात, म्हणून तोंडभर तेल लागलं. यांचं तोंड मी पुसलं नाही कधी, पण तुमचं पुसलं.

दर तासाला तुम्ही दाबाचा काटा बघायला उठायचात, बारक्या अर्ध्यातच टाकून. परत आलात की नेमकं तिथूनच सुरू. तो लहानपणी हौदात पडला ती गोष्ट तीन काट्यांत पुरी झाली. त्याला पोहता येत होतं आणि तो मुद्दाम पडला होता, हे मला यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

मग मी कॅरियरवरचं गुंडाळलेलं सोडलं. तुम्ही आधी मडगार्ड पाहिलं, मग रंग, मग अंगठा. त्यावर तुमचा अंगठा ठेवून पाहिलात. तुमचा मोठा आहे. मी म्हटलं, मुठी माझ्या आणि हे तुमचं. तुम्ही ट्रंक उघडलीत. सरळ मावेना. तिरकं मावलं, पण दोन साड्या आणि लेकासाठी घेतलेलं ब्लँकेट बाहेर काढावं लागलं. "त्याला म्हणावं थंडी सोस," असं म्हणालात.

संध्याकाळी निघताना तुम्ही स्वतः हवा भरलीत. पंपाच्या पायावर माझा पाय होता. फाटकातून "सावकाश जा गं" म्हणालात, आणि मी वळून पाहिलं नाही, कारण वळले असते तर पडले असते. म्हणून तुम्ही किती वेळ उभ्या होतात ते मला माहीत नाही. लिहा.

तिथं पाण्याचे नळ कसे आहेत? दाब बरा आहे का?

दुसऱ्या दिवशी मी पाणी भरलं, केर काढला, चादर धुऊन दोरीवर टाकली, दोन्ही टायरं अंगठ्यानं दाबून पाहिली आणि सायकलनं कामावर गेले.

तुमची,
नवरी